तीन तोळे शिसं: व्हिटवर्थ रायफलच्या चाचण्यांचं प्रकरण

ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या, रायफलीत दारू किती घालायची आणि गोळी कसली घ्यायची, हा प्रश्न अमेरिकेतले शिकारी आजही दर मोसमाआधी आपापल्या बंदुकीला विचारतात. उत्तरं बहुतेक ऐकीव असतात. अमक्याच्या बंदुकीला तमकी गोळी ‘मानवते’, तमक्याला दारू जरा कमी केली की बरं पडतं. हाच प्रश्न १८५५ ते १८५७ या काळात मँचेस्टरजवळच्या फॅलोफील्डमध्ये एका माणसाने एकेक गोष्ट बदलत, मोजत आणि लिहून ठेवत सोडवला. उत्तर अचूक निघालं, तरी ती बंदूक सैन्याने घेतली नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी, तेच इथे पाहायचं आहे.

माणूस होता जोसेफ व्हिटवर्थ. तो बंदुका करणाऱ्यांपैकी नव्हता, यंत्रं करणाऱ्यांपैकी होता. स्क्रूचे आटे सगळ्या कारखान्यांत एकाच मापाचे असावेत ही पद्धत त्याने १८४१ साली मांडली. इंचाचा दहा लाखावा भाग मोजणारं त्याचं यंत्र १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात गाजलं होतं. माप हा त्याचा धर्मच होता म्हणा ना.

मागणी यंत्रांची होती

१८५४ मध्ये ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरलं. आदल्याच वर्षी मंजूर झालेली एन्फील्ड रायफल ब्रिटिश सैन्याला मोठ्या संख्येने हवी होती. बर्मिंगहॅमचे कारागीर मात्र ती हातानेच करत. भाग घासायचे, जुळवून पाहायचे, पुन्हा घासायचे. व्हिटवर्थ १८५३ मध्ये अमेरिकेतले कारखाने बघून आला होता. तेव्हा सरसेनापती लॉर्ड हार्डिंग याच्या पुढाकाराने सरकारने त्याला विचारलं, की एन्फील्ड करणारी यंत्रं तू बनवून देशील का? हा हार्डिंग म्हणजे पहिल्या शीख युद्धाच्या वेळचा हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल.

व्हिटवर्थने उलटा प्रश्न टाकला. चांगली नळी म्हणजे काय ते आधी ठरवा, मग ती करणारं यंत्र मी देतो. गोळी फिरावी म्हणून नळीत आतून कोरलेल्या खाचांना पीळ किती असावा, नळीचा व्यास किती, गोळी किती लांब, यातलं एकही माप प्रयोगाने ठरलेलं नव्हतं. सगळी मापं रिवाजाने चालत आलेली होती. मग त्यानेच सुचवलं की मी शोधून काढतो. मेहनताना नको, खर्च तेवढा सरकारने द्यावा.

एन्फील्डची मापं आधी पाहून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यांच्याशी ताडून पाहायचं आहे. नळीचा आतला व्यास ०.५७७ इंच. लांबी ३९ इंच. आत तीन खाचा आणि त्यांचा पीळ ७८ इंचांत एक फेरा, म्हणजे गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत बरोबर अर्धा फेरा घेई. गोळी ५३० ग्रेनची आणि दारू सुमारे ७० ग्रेन. ग्रेन हे माप आपल्याला परकं वाटतं, पण कंपनी सरकारचा तोळा बरोबर १८० ग्रेनांचा होता. म्हणजे गोळी जवळजवळ तीन तोळ्यांची आणि दारू पावणेपाच माशांच्या आतबाहेर. शेवटपर्यंत हे तीन तोळे शिसं लक्षात ठेवावं. पुढचा सगळा वाद त्याला आकार कोणता द्यायचा एवढ्यावर आहे.

फॅलोफील्डचा बोगदा

उघड्या मैदानात वारा असतो, ऊन असतं, डोळ्यांवर तिरीप येते. गोळी चुकली तर दोष कोणाला द्यायचा? म्हणून व्हिटवर्थने आपल्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांब, १६ फूट रुंद आणि २० फूट उंच अशी बंदिस्त गॅलरी बांधून घेतली. पहिली बांधली ती वादळात कोसळली, तेव्हा पुन्हा उभारली. मार्च १८५५ पासून तिच्यात प्रयोग सुरू झाले.

या गॅलरीतली सगळ्यात सुंदर युक्ती पातळ कागदाची होती. बंदुकीपासून निशाणापर्यंत ठरावीक अंतरावर झिरझिरीत कागदाचे पडदे टांगलेले असत. गोळी त्यांतून आरपार जाई आणि प्रत्येक पडद्यावर भोक पाडी. सगळ्या भोकांची उंची मोजली की गोळीचा अख्खा मार्ग हातात येई. कुठवर वर चढली, कुठून खाली यायला लागली, बाजूला कुठे सरकली, सगळंच. भोकाचा आकारही बोलका असे. गोळी नाकासमोर सरळ गेली तर भोक गोल, आणि डुलत किंवा आडवी होत गेली तर लांबट. निशाणावर नुसती गोळी कुठे लागली एवढंच पाहणाऱ्याला ती का चुकली हे कधीच कळत नाही. या कागदांनी ते ‘का’ दाखवलं. आजही नवी गोळी आजमावताना जाणते लोक कागदावरची भोकं लांबट आहेत का ते आधी बघतात, गोळ्यांच्या खुणांचा घोळका किती लहान ते नंतर.

बंदूक खांद्याला लावून उडवायची नव्हती, ती पक्क्या आधारावर बसवलेली असे. माणसाचा हात, श्वास आणि घाई या तिन्ही गोष्टी हिशेबातून बाहेर. बारकाई म्हणून हे योग्यच होतं. पण जे बाहेर ठेवलं ते नाहीसं होत नाही, हे पुढे कळणार होतं.

पीळ

दारूचं प्रमाण आणि गोळीचं वजन एन्फील्डइतकंच धरायचं आणि बाकी सगळं हलवून बघायचं, हा या प्रयोगांचा गाभा. कागदावर हे साधं दिसतं, पण त्यातच खरी हुशारी आहे. दारू वाढवून कोणीही गोळी जोरात फेकील. तेवढ्याच दारूत आणि तेवढ्याच शिशात जास्त काम करून दाखवलं, तरच ते श्रेय नळीचं ठरतं.

पिळाच्या बाबतीत व्हिटवर्थने दोन्ही टोकं गाठली. ६० इंचांत एक फेरा असलेल्या नळ्यांपासून तो कमी कमी करत गेला आणि शेवटी एका इंचात एक फेरा असलेली आखूड नळीही करून पाहिली. त्या काळच्या बंदूकवाल्यांच्या मते इतक्या पिळात गोळी अडकून नळीच फुटायला हवी होती. त्याने शिसं आणि कथिलाच्या मिश्रणाची, नळीत नेमकी बसणारी गोळी घेतली आणि फक्त ३५ ग्रेन दारूने उडवली. ती एल्म लाकडाच्या ७ इंच जाडीच्या फळ्या भेदून गेली. एवढ्या पिळाची बंदूक कोणालाच नको होती आणि त्यालाही नको होती. पण मर्यादा कुठे आहे हे पाहायचं तर मर्यादेपलीकडे पाय टाकावाच लागतो.

अखेर त्याने ठरवलं ते असं: नळीचा व्यास ०.४५ इंच, लांबी तीच ३९ इंच, पीळ २० इंचांत एक फेरा. वजन तेच ५३० ग्रेन, पण नळी अरुंद झाल्यामुळे गोळी लांबट झाली, रुंदीच्या साधारण तिप्पट. एन्फील्डची गोळी रुंदीच्या दुप्पटही नव्हती.

यात घडतं ते असं. हवा गोळीला अडवते ती तिच्या समोरच्या तोंडावर. ०.५७७ आणि ०.४५१ या व्यासांच्या वर्तुळांची क्षेत्रफळं काढली तर पहिलं दुसऱ्याच्या १.६४ पट भरतं. म्हणजे तेवढंच वजन घेऊन व्हिटवर्थची गोळी दीडपटीहून लहान तोंडाने हवा कापत होती. दूरवर वेग टिकतो तो यामुळे. पण लांबट गोळी हवेत उलटायला बघते. ती सावरून धरायची तर ती भोवऱ्यासारखी जोरात फिरली पाहिजे आणि गोळी जितकी लांब तितका पीळ जास्त लागतो. नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला १,२०० फूट धरला तर एन्फील्डची गोळी सेकंदाला १८५ फेरे घेई आणि व्हिटवर्थची ७२०.

हा पिळाचा हिशेब ग्रीनहिल या गणितज्ञाने १८७९ साली एका सोप्या सूत्रात बसवला. व्यासाचा वर्ग करा, १५० ने गुणा, गोळीच्या लांबीने भागा. उत्तर येतं तितक्या इंचांत एक फेरा पुरतो. व्हिटवर्थच्या गोळीची लांबी १.३५ इंच धरली तर उत्तर साडेबावीस इंच येतं. त्याने सूत्राशिवाय, कागदाची भोकं मोजत, वीसवर बोट ठेवलं होतं. एन्फील्डच्या साधारण एक इंच लांबीच्या गोळीला याच हिशेबाने पन्नास इंचांच्या आसपास पीळ हवा होता आणि होता ७८. मागून पोकळ असलेल्या गोळीचं वजन पुढे सरकलेलं असतं, म्हणून ती थोडं सांभाळून घेते. तरीसुद्धा एन्फील्डचा पीळ ढिलाच होता.

षटकोनाचं कौतुक

व्हिटवर्थची नळी आतून गोल नव्हती. ती षटकोनी होती आणि तो षटकोन पिळत गेलेला. गोळीही तशीच, सहा बाजूंची, पिळदार, नळीत अलगद सरकणारी. बहुकोनी नळीची कल्पना सर्वस्वी त्याची नाही. आगगाडीचे पूल आणि जहाजं बांधणाऱ्या ब्रुनेलने त्याआधीच बर्मिंगहॅमहून अष्टकोनी नळीची रायफल करवून घेतली होती. पण लोकांच्या डोळ्यांत भरला तो व्हिटवर्थचा षटकोन. आजही या बंदुकीची गोष्ट निघाली की पहिलं नाव त्याचंच येतं.

माझ्या मते हे श्रेय चुकीच्या खात्यावर जमा झालं आहे. त्याच षटकोनी नळीत मऊ शिशाची साधी गोल दंडगोल गोळी घातली तरी स्फोटाच्या दाबाने ती फुगून षटकोन भरून टाकी आणि जवळपास तशीच अचूक लागे. व्हिटवर्थच्या बंदुकांसोबत अशा दंडगोल गोळ्याही चालत. म्हणजे काम करत होते अरुंद व्यास, लांब गोळी आणि वीस इंचांचा पीळ. षटकोनाने मदत केली ती कठीण धातूच्या गोळीला, कारण ती फुगत नाही आणि तिला आधीच नेमका आकार लागतो. चाचणीत पाच गोष्टी एकदम बदलून यश मिळालं की सगळ्यात वेगळी दिसणारी गोष्ट श्रेय घेऊन जाते. व्हिटवर्थने स्वतः एकेक गोष्ट वेगळी काढून तपासली होती. लोकांनी मात्र ऐकलं फक्त षटकोनाचं.

हाइथ, एप्रिल १८५७

हार्डिंग १८५६ मध्ये वारला. निकाल पाहायला होता तो युद्धमंत्री लॉर्ड पॅनम्युअर. केंट परगण्यातल्या हाइथच्या बंदूक प्रशिक्षण शाळेत दोन्ही रायफली समोरासमोर आल्या. मोजमाप असं: सगळ्या गोळ्यांच्या खुणांचा मध्य काढायचा, प्रत्येक खूण त्या मध्यापासून किती लांब ते मोजायचं आणि सरासरी घ्यायची. चांगल्या चार गोळ्या दाखवून बाकीच्या लपवायला या पद्धतीत जागा नाही, म्हणून मला ती आजच्या ‘तीन गोळ्यांचा घोळका’ दाखवण्याच्या चालीपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते.

५०० यार्डांवर एन्फील्डचं सरासरी विचलन २.२४ फूट आणि व्हिटवर्थचं ०.३७ फूट, म्हणजे साडेचार इंचांच्या आत. ८०० यार्डांवर एन्फील्ड चार फुटांच्या वर, व्हिटवर्थ एक फूट. ११०० यार्डांवर एन्फील्ड आठ फूट, व्हिटवर्थ अडीच फुटांच्या आसपास. १४०० यार्डांवर एन्फील्डच्या गोळ्या निशाणावर येईनातच, आणि व्हिटवर्थ ४.६२ फुटांवर टिकून होती. भेदनशक्ती पाहायला अर्ध्या इंचाच्या एल्मच्या फळ्या एकामागे एक रचल्या. एन्फील्डची गोळी १३ व्या फळीच्या आसपास थांबली. व्हिटवर्थची कठीण गोळी ३३ फळ्या भेदून गेली आणि मागच्या ओकच्या ठोकळ्याने अडली.

हरणाच्या छातीवरची जीवघेणी जागा साधारण आठ इंचांच्या वर्तुळाएवढी मानतात. व्हिटवर्थची रायफल पाचशे यार्डांवर त्या हिशेबाच्या जवळपास होती, तीही तोंडातून ठासून, काळ्या दारूवर. एन्फील्डला तिथे अख्खा माणूसही चुकला असता.

तीन वर्षांनी, २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनला ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली नेमबाजी स्पर्धा भरली. राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडली ती याच रायफलीने. ४०० यार्ड अंतर आणि गोळी मध्यापासून सव्वा इंचावर. बंदूक आधीच लोखंडी आधारावर नेम धरून घट्ट बसवलेली होती. राणीने चापाला बांधलेली रेशमी दोरी ओढली एवढंच. तमाशा म्हणून झकास, पण बंदूक हातात घेतल्यावर काय होतं याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

गॅलरीत नसलेली गोष्ट

काळी दारू म्हणजे ढोबळमानाने ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. तिचा निम्म्याहून जास्त भाग जळल्यावर वायू होत नाही, तो घन स्वरूपात उरतो. त्यातला काही धुरातून उडतो, बराचसा नळीच्या भिंतीला बसतो. दमट हवेत ही काजळी मऊ राहते. कोरड्या उन्हाळ्यात ती भाजून खडबडीत पापडी होते. प्रत्येक गोळीगणिक नळी आतून जराजरा बारीक होत जाते आणि गोळी तर तोंडातूनच खाली ढकलायची असते. नेमकी बसणारी गोळी अचूक जाते हे खरं, पण नेमकी बसणारी गोळीच काजळीत आधी अडते.

याची सगळ्यात महाग किंमत हिंदुस्थानात मोजली गेली, तीही एन्फील्डच्या बाबतीत, जिच्यात व्हिटवर्थपेक्षा मोकळीक जास्त होती. तिच्या काडतुसाच्या कागदाला चरबी लावत, ती याच काजळीवर उपाय म्हणून. गोळी सुरळीत खाली जावी आणि आतला थर मऊ राहावा एवढाच हेतू. ती चरबी कसली, या शंकेतून काय पेटलं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. २९ मार्च १८५७ रोजी बराकपूरला मंगल पांडे उठला आणि १० मे रोजी मेरठ पेटलं. या दोन तारखांच्या मध्ये, एप्रिलमध्ये, हाइथला आकडे टिपले जात होते. त्या उन्हाळ्यात लढणाऱ्या गोऱ्या पलटणींनाही आपली एन्फील्ड ठासताना घाम फुटला. थोड्या गोळ्या उडवल्या की पुढची खाली जाईना. शेवटी गोळीचा व्यास ०.५६८ वरून ०.५५० इंचांवर आणावा लागला आणि ढिली झालेली ही गोळी फुगून नळी भरण्याचं काम तिच्या मागच्या पोकळीतल्या बुचावर सोपवावं लागलं. म्हणजे अचूकता थोडी सोडून ठासणं सोपं करून घेतलं.

हे ताजं असताना त्याहून अरुंद आणि त्याहून घट्ट नळी सैन्याच्या गळ्यात बांधायला लष्करी समित्या तयार नव्हत्या. व्यास लहान म्हणून काजळीची भीती जास्त, शिवाय बारीक यंत्रकाम असल्याने किंमत एन्फील्डच्या कितीतरी पट. इंग्रजी लेखनात हा लष्कराचा कर्मठपणा म्हणून रंगवायची चाल आहे. मला तसं वाटत नाही. समितीचा प्रश्न रास्त होता. चाळिसाव्या गोळीला, न पुसलेल्या नळीत, दमलेल्या शिपायाच्या हातात ही बंदूक काय करते? गॅलरीने हे विचारलंच नव्हतं. पुढे काही हजार व्हिटवर्थ रायफली पलटणींना वापरून पाहायला दिल्या, तेव्हा काजळीची तक्रार खरीच ठरली.

व्हिटवर्थ चुकला का? नाही. त्याला विचारलं होतं की कोणती मापं अचूक, आणि त्याने ते दाखवलं. काही वर्षांत मागून भरायच्या बंदुका आल्या आणि घट्ट गोळी तोंडातून खाली ढकलण्याची गरजच संपली. १८७१ साली मंजूर झालेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची मापं बघा: व्यास ०.४५ इंच, पीळ २२ इंचांत एक फेरा, गोळी ४८० ग्रेन, दारू ८५ ग्रेन. फॅलोफील्डचंच उत्तर आहे हे, षटकोनाची खूण पुसून काढलेलं.

सातपुड्यातलं उलटं उत्तर

सैन्याला आठशे यार्ड हवे होते. शिकाऱ्याला ते नको असतात. इथे आपल्या शेजारचं एक नाव येतं. कॅप्टन जेम्स फोर्साइथ हा बंगाल स्टाफ कोअरचा अधिकारी. नागपूर राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रांतात तो जंगलखात्याच्या कामावर होता आणि १८६२ मध्ये पचमढीचा डोंगर त्याने पालथा घातला. १८६३ साली त्याने शिकारी रायफली आणि त्यांच्या गोळ्यांवर पुस्तक लिहिलं. त्यातली शिफारस व्हिटवर्थच्या बरोबर उलट आहे. मोठ्या व्यासाची नळी, गोल गोळी, खूप दारू आणि पीळ अगदीच सौम्य.

त्याची आवडती १४ बोअर रायफल घ्या. १४ बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या समान चौदा गोळ्या केल्या तर जी होईल ती. एक पौंड ७,००० ग्रेनांचा, म्हणून गोळी ५०० ग्रेनांची. पुन्हा तेच, तीन तोळ्यांना थोडं कमी शिसं! व्हिटवर्थने ते ओढून लांब केलं होतं आणि फोर्साइथने ते ०.६९ इंचांचा चेंडू म्हणूनच ठेवलं.

कारण सातपुड्याच्या रानात गवा किंवा वाघ दिसतो तो शंभर यार्डांच्या आत, झाडोऱ्यात आणि क्षणभर. अंतर मोजायला वेळ नसतो. ऐंशी यार्ड आहेत की सव्वाशे, हा अंदाज चुकला तरी नेम चुकू नये, तर गोळीचा मार्ग सपाट पाहिजे. सपाट मार्गाला सुरुवातीचा वेग लागतो आणि वेगाला दारू. हवेचा अडथळा सोडून हिशेब केला तर सेकंदाला १,२०० फुटांची गोळी शंभर यार्डांत १२ इंच खाली येते आणि १,६०० फुटांची सातच्या आत. गोल गोळी लवकर वेग गमावते हे खरं, पण तो तोटा दूर गेल्यावर जाणवतो. शंभर यार्डांवर तो परवडतो.

आता खोच अशी की गोल गोळी तेल लावलेल्या कापडी चकतीत गुंडाळून ठासतात आणि खाचांची पकड त्या कापडावरच असते. पीळ जास्त आणि दारूही जास्त झाली की गोळी खाचा सोडून सरळ घसरत बाहेर पडते, मग फिरणं संपलं आणि नेमही संपला. त्या काळचे रायफलवाले यावर दारू कमी करत. फोर्साइथने दारू ठेवली आणि पीळ कमी केला. १४ बोअरसाठी त्याने ८ फूट ८ इंचांत, म्हणजे १०४ इंचांत एक फेरा सांगितला. आता ग्रीनहिलचं सूत्र लावून पाहा. गोल गोळीत लांबी आणि व्यास एकच, त्यामुळे उत्तर व्यासाच्या दीडशे पट. ०.६९३ गुणिले १५० बरोबर १०४. सूत्र यायला अजून सोळा वर्षं होती आणि फोर्साइथ तर १८७१ मध्येच वारला.

मला या दोन माणसांत विरोध दिसत नाही. दोघांनी शिसं जवळपास सारखंच घेतलं, अंतर वेगळं धरलं आणि आपापल्या अंतराला योग्य पीळ गाठला. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आजही दिसणाऱ्या ठासणीच्या बंदुकांना हा हिशेब लागू नाही. त्यांच्या नळ्या आतून गुळगुळीत असतात, पीळच नसतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे कायदेशीर शिकारही जवळपास उरली नाही. पण पेनसिल्व्हेनिया किंवा मिशिगनला राहणारे काही मराठी लोक तिथल्या ठासणीच्या मोसमात परवाना काढून रानात जातात, आणि दुकानातून आणलेली रायफल ‘लागत नाही’ म्हणून दारू वाढवत बसतात. त्यांच्यासाठी या प्रकरणातलं कामाचं तेवढं सांगतो.

अर्ध्या इंचाच्या, म्हणजे .५० च्या गोल गोळीला सूत्राने ७५ इंचांचा पीळ येतो. बाजारात गोल गोळीच्या नळ्या ६६ ते ७० च्या मिळतात. प्लॅस्टिकच्या वेष्टनातल्या लांबट गोळ्यांसाठी २८ चा पीळ असतो. ४८ चा मधला, दोन्हीकडे चालवून घेणारा आणि दोन्हीकडे थोडा कमीच पडणारा. २८ च्या नळीत गोल गोळी घातली तर ती थोड्या दारूवर बरी जाते आणि दारू वाढवली की विखुरते. दोष तिथे दारूचा नसतो. दारू बदलायची ती बंदूक बनवणाऱ्याने दिलेल्या कमाल मर्यादेच्या आत आणि पाच-पाच ग्रेनांच्या पायरीने. त्या वेळी गोळी, चकती, केप (दारू पेटवणारी टोपी) यातलं काहीही हलवायचं नाही. धूर न करणारी आधुनिक दारू या नळ्यांत कधीच घालायची नाही, नळी फुटते. नळी पुसायची तर प्रत्येक गोळीनंतर, नाहीतर कधीच नाही. अधूनमधून पुसलं की कोणती गोळी स्वच्छ नळीतून गेली आणि कोणती काजळीतून, याचा हिशेबच उरत नाही. रानात पहिली गोळी थंड, स्वच्छ नळीतून जाणार असते, म्हणून तिची खूण कागदावर वेगळी टिपून ठेवावी. ती घोळक्यापासून नेहमी एकाच बाजूला पडत असेल तर नेम तिच्यावर बसवायचा, घोळक्याच्या मध्यावर नाही.

आणि पीळ माहीत नसेल तर तो आधी मोजावा. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ठासायच्या गजाला घट्ट चिंधी लावायची आणि मूठ गजाबरोबर मोकळी फिरेल अशी ठेवायची. चिंधी तळापर्यंत ढकलून गजावर वरच्या अंगाला खूण करायची, मग हळूहळू बाहेर ओढायचं. खूण पाव फेरा फिरेपर्यंत गज किती इंच वर आला ते मोजायचं आणि चारने गुणायचं.